जडत्व म्हणजे काय? बसचा ब्रेक, कॅरमची पावडर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववीच्या विज्ञानात ‘गतीचे नियम’ सुरू झाले की लगेचच जडत्व येतं. व्याख्या दोन ओळींची, पाठ करायला पाच मिनिटं पुरतात, आणि बहुतेकांचा विषय तिथेच आटोपतो. मी शिकवणी घेतो. व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्या मुलांनाही ‘बसमध्ये तुला पुढे कोणी ढकललं?’ असं विचारलं की ती एकमेकांकडे बघायला लागतात. खालचे प्रश्न त्या मुलांचे, त्यांच्या पालकांचे आणि एकदा आमच्या वर्गाबाहेर थांबलेल्या रिक्षावाल्या काकांचे आहेत. सोपे आधी, अवघड नंतर असा क्रम लावायचा बेत होता. तो फारसा जमलेला नाही.

एका दमात सांगा: जडत्व म्हणजे काय?

वस्तू आहे त्या स्थितीत राहते, हा तिचा गुणधर्म म्हणजे जडत्व. थांबलेली असेल तर थांबलेलीच राहते. चालती असेल तर त्याच वेगाने, त्याच दिशेने, सरळ रेषेत चालत राहते. ही स्थिती बदलायची तर बाहेरून असंतुलित बल लावावं लागतं. ‘असंतुलित’ हा शब्द गाळू नका. रस्सीखेचीत दोन्ही बाजू सारख्याच जोराने ओढत असल्या तर बलं भरपूर असतात, पण दोरीच्या मधोमध बांधलेला रुमाल तसूभर हलत नाही.

‘जड’ म्हणजे भारी. मग जडत्व म्हणजे वजनच ना?

नाही, आणि हा घोटाळा आपल्या शब्दामुळे होतो. मराठीत ‘जड’चे दोन अर्थ आहेत. भाजीची पिशवी जड होते तो एक. ‘जड आणि चेतन’ म्हणतो त्यातला जड, म्हणजे स्वतःहून काहीच न करणारा, तो दुसरा. जडत्व आलंय ते दुसऱ्या अर्थावरून. जुन्या शास्त्रीय लेखनात याच कल्पनेला ‘निरूढी’ असाही शब्द भेटतो. तो चालला असता तर हा घोळ तरी टळला असता, पण ‘निरूढी’ काही रूढ झाली नाही.

युरोपातही शब्दाची गत अशीच. लॅटिनमध्ये ‘इनर्शिया’ म्हणजे आळस, निष्क्रियपणा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खगोलशास्त्रज्ञ योहानेस केपलरने तो शब्द ग्रहांसाठी वापरला. त्याच्या मते ग्रह आळशी असतात, ढकलणं थांबलं की जागच्या जागी थांबतात. आज आपण जे म्हणतो त्याचा हा अर्धाच भाग झाला. चालती वस्तू थांबण्याच्या बाबतीतही तितकीच आळशी असते, हे केपलरच्या ध्यानात आलं नव्हतं.

भारीपणाशी जडत्वाचं नातं आहे, पण ते वस्तुमानाच्या बाजूने. वस्तुमान जास्त तितकं जडत्व जास्त. खरं तर जडत्वाचं माप म्हणजेच वस्तुमान, एकक किलोग्रॅम. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला किती बलाने ओढते ते, आणि ते न्यूटनमध्ये मोजायचं. दुकानदार किलोत वजन सांगतो तो व्यवहार झाला, त्याच्याशी भांडायला जाऊ नका.

ब्रेक लागल्यावर आपल्याला पुढे कोण ढकलतं?

कोणीही नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

एसटीत उभे आहात, हात वरच्या दांड्याला. समोर म्हैस आडवी येते आणि ड्रायव्हर ब्रेकवर पाय देतो. रस्त्याच्या घर्षणामुळे चाकं मंदावतात. चाकांबरोबर सांगाडा, सांगाड्याबरोबर बसचा तळ, तळाबरोबर तुमच्या चपला आणि चपलांबरोबर पावलं. इथवर साखळी पक्की आहे. कंबर, छाती आणि डोक्यापर्यंत मात्र मंदावायचा निरोप पोचलेलाच नसतो. ती आपली मघाच्याच वेगाने निघालेली असतात. पाय मागे राहतात, धड पुढे जातं, आणि आपण म्हणतो ‘पुढे फेकलो गेलो’. बस थांबली, तुम्ही थांबला नाहीत, एवढंच झालेलं असतं.

त्या क्षणी तुमच्यावर जे बल लागतं ते मागच्या दिशेने. दांड्याला धरलेल्या हाताला जी जोराची ओढ जाणवते, ती तुम्हाला थांबवणाऱ्या बलाची. मुरलेला कंडक्टर बघा: तिकिटं देताना पुढच्या सीटच्या कडेला कंबर टेकवून, पाय फाकवून उभा राहतो. ब्रेक लागला की सीट त्याच्या कंबरेला रेटते आणि त्याला बसबरोबर थांबवते. त्याला हात मोकळे ठेवायचे असतात, म्हणून दांड्याचं काम तो कंबरेकडून करून घेतो.

बस सुटताना मागे झुकतो तेही असंच. पावलं बसबरोबर निघाली, धड अजून स्टँडवरच आहे.

म्हणजे जडत्व हे बल नाही?

नाही. बल लावणारा कोणीतरी असावा लागतो: हात, दोरी, जमीन, पृथ्वी. जडत्व लावणारा कोणी नसतो. ‘जडत्वाचं बल लागलं’ असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. न्यूटनने स्वतः लॅटिनमध्ये साधारण याच अर्थाचा शब्दप्रयोग केला होता हे खरं, पण तो १६८७ साली लिहीत होता. त्याला सूट आहे, तुम्हाला नाही.

पण चेंडू लोळवला तर तो थांबतोच की! मग ‘चालत राहतो’ कसं म्हणायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी नेहमी शाबासकी देतो, कारण ॲरिस्टॉटलचंही हेच म्हणणं होतं आणि ते जवळपास दोन हजार वर्षं टिकलं. बैल थांबला की गाडी थांबते. ढकलणारा दमला की हातगाडी थांबते. गती चालू ठेवायची तर कोणीतरी सतत ढकलत राहायला हवं, असा रोजचा अनुभव सांगतो.

आता माळ्यावरचा कॅरम बोर्ड काढा. पुसून घ्या आणि पावडर न टाकता स्ट्रायकर टिचकीने मारा. जेमतेम पलीकडे पोचेल, नाहीतर मध्येच बसेल. मग बोरिक पावडर भुरभुरवा, तळहाताने पसरा, आणि तेवढ्याच जोराने मारा. स्ट्रायकर समोरच्या कडेवर आपटून परत तुमच्यापर्यंत येईल. जोर तोच, स्ट्रायकर तोच. कमी झालं ते फक्त घर्षण. पावडर याहून चांगली मिळाली तर स्ट्रायकर आणखी जाईल. घर्षण अजिबातच नसतं, आणि बोर्डाला कडाही नसत्या तर? तो कुठे थांबला असता, याचं उत्तर शोधायला गेलात की थांबायला कारणच सापडत नाही.

गॅलिलिओने हाच विचार उतारांवर केला. दोन उतार समोरासमोर ठेवा. एकावरून सोडलेली गोळी दुसऱ्यावर जवळजवळ तितक्याच उंचीपर्यंत चढते. दुसरा उतार कमी तिरपा केला तर तीच उंची गाठायला तिला जास्त अंतर जावं लागतं. आणखी कमी केला, आणखी जास्त. तो पुरता आडवा केला तर ती उंची कधी येणारच नाही, आणि गोळी जातच राहील. इथे प्रश्नच उलटा झाला. ‘चेंडू चालत का राहतो?’ हे विचारायचं कारण उरलं नाही. ‘चेंडू थांबतो का?’ हे विचारायचं, आणि उत्तर आहे जमीन आणि हवा.

जमीन आणि हवा नसते तिथे काय होतं तेही आता दिसलं आहे. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटलं. आज ते सेकंदाला साधारण १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चाललं आहे, आणि त्याला पुढे ढकलणारं कुठलंही इंजिन चालू नाही. छोटे थ्रस्टर अधूनमधून चालतात ते अँटेनाचं तोंड पृथ्वीकडे राहावं म्हणून. सूर्याचं गुरुत्व त्याला अजून किंचित मागे ओढतं, म्हणून वेग अगदी अचल आहे असं मात्र म्हणता येत नाही.

जडत्वाचा हा नियम न्यूटनचा की गॅलिलिओचा?

पेपरात न्यूटन लिहा. गप्पांमध्ये मात्र तिघाचौघांची नावं घ्यायला हवीत. गॅलिलिओच्या मनातली ‘आडवी’ गती पृथ्वीच्या गोल पृष्ठाला धरून चालणारी होती. ‘सरळ रेषेत’ हे ठामपणे मांडलं रने देकार्तने, १६४४ साली. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्किपिया’ या ग्रंथात तो गतीचा पहिला नियम म्हणून बसवला.

मला या सगळ्यांत आवडतो तो फ्रेंच तत्त्वज्ञ पिएर गासांदी. चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड टाकला तर कुठे पडेल, असा तेव्हा मोठा वाद होता. दगड खाली येईपर्यंत जहाज पुढे सरकेल, म्हणून दगड मागे पडेल, असं बरेच विद्वान सांगत. गासांदीने १६४० साली मार्सेलच्या समुद्रात जहाज वेगाने हाकायला लावलं आणि डोलकाठीवरून खरोखर दगड टाकायला लावले. दगड डोलकाठीच्या बुडाशीच पडला. हातात असताना त्याला जहाजाचा वेग होता, हात सुटल्यावर तो वेग काढून घेणारं कोणी नव्हतं.

तुम्हाला जहाज नको. धावत्या रेल्वेत बसल्या जागी शेंगदाणा वर उडवा आणि तोंडात झेला.

कणादांनी हे आधीच सांगितलं होतं असा मेसेज आला आहे. खरं का?

थोडं खरं, बरंच ताणलेलं. कणादांच्या नावावर असलेल्या वैशेषिक सूत्रांमध्ये बाणाच्या गतीचा विचार आहे. पहिली गती नोदनाने, म्हणजे ढकलण्याने. पुढची गती त्या पहिल्या गतीने निर्माण झालेल्या संस्काराने. आणि संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण पडतो. विचार फार बारकाईचा आहे, पण तो जडत्वाचा नाही. इथेही गती चालू राहायला कारण लागतंच, फक्त ते बाहेरून काढून बाणाच्या आत बसवलेलं आहे. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये झाँ ब्युरिदाँने मांडलेली ‘इम्पेटस’ची कल्पना याच जातीची. जडत्वाच्या नियमात चालत राहायला कारणच लागत नाही, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

आर्यभटाचा दाखलाही असाच दिला जातो. ‘आर्यभटीय’ (इ. स. ४९९) मध्ये नावेतल्या माणसाला काठावरच्या अचल वस्तू उलट्या जाताना दिसतात, तसेच तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असं आहे. दृष्टांत सुरेख, पण विषय सापेक्ष गती.

पृथ्वी एवढ्या वेगाने फिरते, मग उडी मारल्यावर आपण मागे का राहत नाही?

पुण्याच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने सरकते. हवेत गेल्यावर आपला हा वेग जात असता, तर पुण्यात हेलिकॉप्टर चार मिनिटं अधांतरी उभं करायचं की खाली अलिबाग. टोल नाही, घाट नाही. (अलिबागकरांनी मनावर घेऊ नये, पुण्याच्या पश्चिमेला जवळपास त्याच अक्षांशावर तेच येतं.)

तसं होत नाही, कारण जमीन सोडताना तो १,५८० चा वेग तुमच्याकडे असतोच, हेलिकॉप्टरकडे असतो आणि आजूबाजूच्या हवेकडेही असतो. गासांदीचा दगड आणि तुमची उडी यांत काही फरक नाही. जहाज तेवढं मोठं आहे.

विरामावस्थेचं, गतीचं आणि दिशेचं असे जडत्वाचे तीन प्रकार पाठ करायचे का?

परीक्षेसाठी करा. खरा गुणधर्म एकच, हे उदाहरणांचे तीन गठ्ठे आहेत. सतरंजी झटकली की सतरंजी सरकते आणि धूळ जागेवर राहते, हा पहिला. ब्रेकची बस, हा दुसरा.

तिसरा लोकांना अवघड जातो. घाटात बस डावीकडे वळते आणि आपण उजवीकडच्या माणसावर जाऊन पडतो. ‘बाहेर ढकलले गेलो’ असं वाटतं. वरून, समजा ड्रोनमधून पाहिलं, तर तुम्ही आपले सरळ चालला होता, बस डावीकडे वळली आणि तिची उजवी बाजू तुमच्या वाटेत आली. सुऱ्यांना धार लावणारा दारावर आला तर त्याच्या चाकाकडे बघत उभे राहा. ठिणग्या चाकाबरोबर गोल फिरत नाहीत. ज्या बिंदूला सुटतात तिथून स्पर्शरेषेत सरळ निघतात. सायकलला मडगार्ड लागतं ते याचमुळे.

बंद पडलेली गाडी ढकलताना सुरुवातीला जास्त जोर लागतो, तो जडत्वामुळे ना?

बऱ्याच गाइडांमध्ये असं छापलेलं असतं, आणि ते अर्धवट आहे. गाडीचं जडत्व सुरुवातीला जास्त आणि नंतर कमी असं होत नाही. वस्तुमान तेच, जडत्व तेच. सुरुवातीला दोन कामं एकदम करावी लागतात: स्थितिक घर्षण मोडायचं, जे चालत्या गाडीच्या घर्षणापेक्षा जास्त असतं, आणि शून्यापासून वेग वाढवायचा. एकदा गाडी चालायला लागली की तुम्हाला फक्त कमी झालेलं घर्षण भरून काढायचं असतं, वेग वाढवायचा नसतो. चालत्या गाडीचा वेग त्याच दराने आणखी वाढवून बघा, पुन्हा घाम फुटेल.

घरी करता येईल असा एखादा प्रयोग?

मुठीत मावेल असा, अर्ध्या किलोच्या आसपासचा दगड घ्या. शिवणाच्या रिळातला दोरा एकेरी घेऊन दगड दाराच्या कडीला टांगा. त्याच रिळातला दुसरा तुकडा दगडाच्या खालच्या बाजूला बांधून लोंबता सोडा. आता मुलांना विचारा: खालचा दोरा ओढला तर कुठला तुटेल?

हळूहळू जोर वाढवत ओढा. वरचा तुटेल, कारण त्याच्यावर दगडाचं वजन आणि तुमची ओढ असा दुहेरी ताण आहे. पुन्हा बांधा आणि या वेळी खाडकन हिसका द्या. खालचा तुटेल, दगड वर तसाच लटकत राहील. वरच्या दोऱ्यावर ताण वाढायचा तर दगडाने आधी थोडं तरी खाली यायला हवं, आणि हिसक्याच्या तेवढ्या क्षणात दगड जागचा हलतच नाही. तो हलायच्या आत खालच्या दोऱ्याचा निकाल लागलेला असतो.

दगडाखाली उशी ठेवा. मी पहिल्यांदा वर्गात हे केलं तेव्हा ठेवली नव्हती, आणि ‘वरचा दोरा तुटेल’ हे मी सिद्ध केलं ते माझ्या पायाच्या अंगठ्यावर. पोरांना तो तास अजून आठवतो.

कच्चं अंडं आणि उकडलेलं अंडं न फोडता ओळखतात ते कसं?

दोन्ही ताटलीत गरगर फिरवा. एका बोटाने क्षणभर थांबवा आणि बोट लगेच उचला. उकडलेलं थांबेल ते थांबेल. कच्चं मात्र पुन्हा हळूहळू फिरायला लागेल, कारण बोटाने थांबलं ते कवच. आतला बलक आणि पांढरं फिरतच होतं. अंडं घरात येत नसेल तर वाटीभर पाण्यावर तुळशीचं पान तरंगत ठेवा आणि वाटी झटकन पाव वळसा फिरवा. वाटी फिरते, पानाचं टोक होतं त्याच दिशेला राहतं.

सुतारालाही हे ठाऊक असतं. हातोड्याचं डोकं सैल झालं की तो दांड्याचं बूड जमिनीवर आपटतो. दांडा थांबतो, लोखंड खाली येत राहतं आणि घट्ट बसतं.

अंतराळात वजन जाणवत नाही, तर जडत्वही नसेल?

जडत्व जसंच्या तसं असतं. अंतराळ स्थानकात शंभर किलोचं खोकं बोटाने तरंगत ठेवता येतं, पण ते ढकलून सोडलं आणि समोर भिंतीला टेकून कोणी उभा असेल, तर त्याच्या बरगड्यांना ते शंभर किलोचंच लागेल. अंतराळवीरांचं वस्तुमान मोजायचं असतं तेव्हा तराजू उपयोगाचा नसतो, म्हणून त्यांच्या जडत्वावरूनच ते काढतात: ठरावीक बलाने ओढायचं आणि किती त्वरण मिळालं ते पाहायचं.

जड वस्तूचं जडत्व जास्त, मग ती हळू पडायला हवी ना?

दहापट वस्तुमानाच्या वस्तूला पृथ्वी दहापट बलाने ओढते, आणि तिची स्थिती बदलायलाही दहापट बल लागतं. हिशेब फिटतो, दोन्ही बरोबरच पडतात. हवा नसेल तर पीससुद्धा. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर कॅमेऱ्यासमोर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं, ती दोन्ही बरोबर धुळीत उतरली.

फिरणाऱ्या वस्तूंचं जडत्व वेगळं असतं का?

तत्त्व तेच, पण इथे वस्तुमान किती एवढ्याने भागत नाही. ते अक्षापासून किती लांब आहे हेही बघावं लागतं. याला जडत्व आघूर्ण म्हणतात. तळहातावर पेन्सिल उभी तोलून दाखवा, जमणार नाही. मग मीटरभर लांब काठी घ्या, पटकन जमेल. काठी कलायला वेळ लावते आणि हाताला सावरायला अवधी मिळतो.

कुंभाराचं जुनं चाक जड असतं ते हौस म्हणून नाही. काठीने दहा-वीस फेरे गरगरवलं की दोन्ही हात मातीला मोकळे. शेतावरच्या जुन्या डिझेल इंजिनाला ते भलंमोठं फ्लायव्हील असतं त्याचंही कारण हेच. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच धमाका होतो, उरलेला वेळ इंजिन त्या चाकाच्या जिवावर फिरतं. हँडल मारताना पहिले दोन फेरे जीव काढतात, आणि एकदा चाकाने वेग घेतला की तेच चाक पिस्टनला दाबातून पार नेतं.

गाडी हळू चालवतो, मागे बसतो. सीटबेल्ट कशाला?

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. एवढा वेग चवथ्या-पाचव्या मजल्याच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे १४ मीटरवरून पडल्यावर येतो. गाडी झाडावर आदळून थांबली तरी मागच्या सीटवरचा माणूस १७ मीटरच्याच वेगाने चाललेला असतो, आणि त्याला थांबवायचं काम पुढच्या सीटवर, म्हणजे पुढे बसलेल्यावर येतं. ६० किलोच्या माणसाला दहाव्या हिश्श्याच्या सेकंदात थांबवायचं तर सुमारे १०,००० न्यूटन बल लागतं, साधारण एक टन वजनाइतकं.

‘बाळाला मी मांडीवर घट्ट धरते’ असं एका आईने मला सांगितलं होतं. दहा किलोच्या बाळासाठी तोच हिशेब १७० किलो वजनाइतका येतो. एवढं धरणारे हात कोणाकडेच नाहीत, लहान मुलांची वेगळी सीट असते ती त्यासाठी. पट्टा न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब खाली १,००० रुपये दंड आहे, आणि नियम मागच्या सीटलाही आहे.

धावत्या लोकलमधून उतरणारे गाडीच्याच दिशेने का पळतात?

उतरू नका, हे आधी. पळतात ते असं: फलाटाला पाय लागला की पाय थांबू बघतात, धड गाडीच्या वेगाने पुढे. पाय धडाबरोबर ठेवायचे तर चार पावलं पळावंच लागतं. उलट तोंड करून उतरणारा पाठीवर पडतो.

गाडीत गॅसचा फुगा असला तर तो ब्रेक लागल्यावर मागे जातो. जडत्व त्याला लागू नाही का?

जत्रेतून परतताना काचा बंद असलेल्या गाडीत हे नक्की बघा. ब्रेक लागला की सगळे पुढे झुकतात आणि फुगा मागे येतो. गाडी सुटताना सगळे मागे, फुगा पुढे. गाडीतल्या हवेलाही जडत्व आहे, आणि फुग्यातला हेलियम त्या हवेपेक्षा हलका. ब्रेक लागला की हवा पुढच्या काचेकडे दाटते आणि हलक्या फुग्याला मागे सारते. अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी धरा, तिच्यातला बुडबुडाही असाच उलटा पळेल.

पण वस्तूंना जडत्व असतं तरी का?

रिक्षावाल्या काकांचा प्रश्न हा. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माखचं म्हणणं होतं की विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तुमानाशी असलेल्या नात्यातून जडत्व येत असावं. आइन्स्टाइनवर या विचाराचा प्रभाव होता. त्याने १९१५ च्या व्यापक सापेक्षतेच्या सिद्धांतात जडत्वाचं वस्तुमान आणि गुरुत्वाचं वस्तुमान एकच, हे पायाशी घेतलं. तुमच्या आमच्या शरीरातलं बहुतेक वस्तुमान प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आत कोंडलेल्या ऊर्जेचं आहे, हेही आता कळलं आहे. पण ऊर्जेला तरी जडत्व का, असं काकांनी पुढे विचारलं, तेवढ्यात त्यांचं गिऱ्हाईक आलं.

‘प्रवासी पुढे फेकला जातो’ असं लिहिलं तर मार्क मिळतील का?

दोन मार्कांना एवढं लिहा: ‘धावत्या बसमध्ये बस आणि प्रवासी यांचा वेग सारखाच असतो. ब्रेक लावल्यावर बस आणि तिच्या संपर्कातले पाय थांबतात. शरीराचा वरचा भाग गतीच्या जडत्वामुळे गतिमानच राहतो, म्हणून प्रवासी पुढे झुकतो.’ शेवटी ‘झुकतो’ऐवजी ‘फेकला जातो’ लिहिलंत तरी बोर्डाचे तपासनीस बहुधा मार्क कापणार नाहीत. मी अर्धा कापतो.